शहाण्णव धावांचा शर्ट

नाही. हा त्यांचा नाही. — अरे कितीदा सांगू, हा हिंमतरावांचा शर्ट नाही! तो फोटो आणखी मोठा करून दाखवलास म्हणून शर्ट बदलणार आहे का? बंद कर ती पेटी आधी. कोळशाची इस्त्री आहे, ठिणगी उडते, उद्या भोक पडलं तर तुझी कंपनी माझ्या दारात उभी राहील. लॅपटॉप — हो, माहितीये काय म्हणतात ते, चौथीपर्यंत शिकलेय, आंधळी नाहीये. आणि ते गळ्यातलं कार्ड खिशात टाक, इस्त्रीवर लोंबतंय. सुट्टीच्या दिवशीसुद्धा गळ्यात पट्टा घालून हिंडता रे तुम्ही, हरवलात तर कुणी आणून द्यावं म्हणून का? — योगेश म्हणालास ना? कुठून आलास, वाघोलीहून? एवढ्या लांबून कसबा पेठेत आलास ते कशाला, तर मी कॅमेऱ्यात बघून म्हणायचं की हाच तो शर्ट, माझ्या वडलांनी क्रिकेट क्लबचे कपडे बावीस वर्षं धुतले, मी ओळखते. आणि ते तू आज संध्याकाळी सहाला क्लबच्या पंच्याहत्तरीच्या कार्यक्रमात पडद्यावर दाखवणार. मग सगळे टाळ्या वाजवणार, मग हिंमतरावांना चाकाच्या खुर्चीतून आणून त्या काचेच्या कपाटासमोर उभं — उभं कसलं, बसवणार, आणि त्यांच्या हातात दोरी देऊन पडदा ओढायला लावणार. छान. कुणाच्या डोक्यातून निघालं हे? सेक्रेटरीच्या? वाटलंच.

कशावरून म्हणजे? डोळ्यांवरून. तुम्ही बारा बारा तास त्या पडद्याकडे बघता आणि एक शर्ट बघता येत नाही? रक्त कुठं आहे त्याच्यावर, सांग. छातीवर, मधोमध, बटणांच्या पट्टीवरून खाली ओघळ आलेला, तमाशातल्या शूर शिपायाला लावतात तसा. आता असा उभा राहा. बॅट धरल्यासारखा उभा राहा म्हणते. धर ती छत्री. — अरे देवा, क्लबाचा मेंबर आहेस आणि असा उभा राहतोस? डावा खांदा पुढं कर. हं. आता बोलरकडे बघ. कुठं आली हनुवटी? डाव्या खांद्यावर आली की नाही? मग हनुवटी फुटली तर रक्त कुठं पडेल? खांद्यावर पडेल, नि बाहीवर, कारण ते बाहीलाच पुसत होते. छातीवर एक थेंब नव्हता. ठेव छत्री, गिऱ्हाइकाची आहे. आणि हे जे तपकिरी दाखवतोयस ना — हा कात आहे. कात आणि चहा. रक्त सुकलं की त्याची कड गडद होते आणि मधे पापुद्रा धरतं, हे आपलं सगळीकडं सारखं पसरलंय, पानाच्या पिचकारीसारखं. मी अठ्ठावीस वर्षं इस्त्री मारतेय इथं नि त्याआधी वडलांबरोबर धूत होते. कपड्यावर काय पडलंय ते तू मला शिकवतोयस का?

हो हो, आकडे आहेत तुझ्याकडे, ऐकले मघाशी. सरासरी एवढी, सामने एवढे, शतकं एवढी — आणि मग हळूच काय म्हणालास? "तसे ग्रेट म्हणता येणार नाहीत, पण लोकल लेजेंड." आवाज खाली करून म्हणालास, तरी ऐकलं. कुणी ठरवलं रे? तुझ्या त्या पेटीनं? देशाकडून खेळले नाहीत म्हणून? निवडायला बसलेल्यांना दिसलं नाही, त्यात बॅटीचा काय दोष? तुझा आवडता कोण, तो टीव्हीवरचा? सकाळी साबण विकतो, दुपारी टायर विकतो, संध्याकाळी मधे वेळ मिळाला तर खेळतो. अंगभर पाट्या. त्या कपड्यांना इस्त्री लागत नाही, माहितीये का? प्लॅस्टिक ते. इस्त्री टेकवली की चिकटतं. ज्या कपड्याला परीट लागत नाही त्याच्यात घाम गाळून काय फायदा, दुसऱ्या दिवशी तेच कळकट घालून परत उभे.

मला खेळातलं काय कळतं, असं वाटतंय ना तुला? वाटू दे. तुझा चेहरा इस्त्री केलेल्या कपड्यासारखा आहे, सगळं वर दिसतं. ऐक. क्लबच्या अकरा जणांचे कपडे सोमवारी सकाळी गाठोड्यात यायचे. मी गाठोडं सोडलं की मॅच कशी झाली ते सांगायची, वडलांना. पेपरात यायच्या आधी. बोलरची पँट मांडीवर लाल, बॉल घासून घासून. विकेटकीपरचे गुडघे गेलेले. एक तात्याराव म्हणून होते, त्यांच्या शर्टावर कायम रस्सा, ते मॅच कधी खेळायचे नि जेवायचे किती हे तुझं तूच ठरव. आणि नवीन पोरं असली की पँटीच्या मागच्या बाजूला माती — बॉल अंगावर आला की बसकण मारायची. हिंमतरावांचे कपडे वेगळे लागायचे. मांडीवर, पोटावर, कुठं बॉलचा लाल ठसा नाही. सबंध मोसमात नाही! म्हणजे काय? म्हणजे आलेला प्रत्येक बॉल बॅटीवर. अंगावर घ्यायची वेळच नाही. पॅडचा पट्टा पोटरीला दाबून बसलेला, त्याची घडी पडलेली असायची — ती जेवढी खोल, तेवढा वेळ माणूस उभा राहिला. त्यांची घडी निघायची नाही, पाणी मारून मारून इस्त्री करावी लागायची. आणि दोन्ही गुडघे हिरवे. गवताचा डाग. का? कारण फील्डिंगला गेले की लोळायचे. बॅटिंग झाली म्हणून झाडाखाली बसणारा माणूस नव्हता तो. हे तुझ्या आकड्यांत कुठं लिहितात? नाही ना लिहीत? मग ठेव ते आकडे तुझ्यापाशी.

आणि तो डाव मी बघितलाय. या डोळ्यांनी. अठ्ठ्याहत्तर साल, जानेवारी, मी अठराची. दुसऱ्या दिवसाचे धुतलेले कपडे पोचवायला गेले होते, ती साइटस्क्रीनच्या, त्या मोठ्या पांढऱ्या पडद्याच्या मागे गाठोड्यावर बसून फटीतून बघत राहिले. घरी जाऊन बोलणी खाल्ली, खाल्ली तर खाल्ली. बाहेरगावचा बोलर होता, धिप्पाड. हेल्मेट वगैरे तेव्हा कुठलं, टोपी. बॉल उसळला नि हनुवटीवर बसला — तो आवाज मला साइटस्क्रीनमागे आला. नारळ आपटतो तसा. सगळे धावले. हिंमतराव खाली बसले नाहीत. रुमाल बांधला, परत उभे. शर्ट बदला म्हणाले तर बदलला नाही. मग दीड तास खेळले. काय खेळले म्हणून सांगू — मारलं नाही रे कुणाला, तुझ्या त्या टीव्हीवाल्यासारखं दात ओठ खाऊन. आलेल्या पाहुण्याला दार उघडून द्यावं तसं बॉलला नुसता रस्ता दाखवत होते, इकडून जा, तिकडून जा. शहाण्णव झाले. जिंकायला आणखी पंधरा-वीस. मग एक बॉल गेला मागे कीपरच्या हातात. बोलर ओरडलासुद्धा नाही नीट. अंपायर जागचा हलला नाही. हात मागे बांधलेले, बोट वर केलंच नाही त्यानं. आणि हिंमतराव — ग्लोव्ह काढला, बॅट बगलेत मारली, निघाले. समोरचा पार्टनर ओरडतोय, अहो कुठं निघालात, दिलं नाहीये! हे आपले चाललेत, घरी चालल्यासारखे. माझ्यासमोरून गेले. तंबूत कॅप्टन अंगावर आला, तर म्हणाले, "लागली होती." बस. दोन शब्द. क्लब हरला त्या मॅचमध्ये, अकरा रनांनी. म्हणून तुझ्या पेटीत त्या डावाचं शतक नाही. म्हणून ते ग्रेट नाहीत. बरं बाबा. तू ग्रेट.

पाणी पिणार का? तो माठ आहे, घे स्वतः. माझे हात गुंतलेत.

आता मला सांग — तू सेक्रेटरीबरोबर गेला होतास ना त्यांच्या घरी, हा शर्ट घेऊन? दिवाळीपासून वाचा गेलीय त्यांची, उजवी बाजू गेलीय. पूर्वी दर शनिवारी स्वतः यायचे कपडे घेऊन, आता त्यांची सून उत्कर्षा येते, पायजमे नि सदरे तेवढे. तिनं सांगितलं मला काय झालं ते. तुम्ही शर्ट त्यांच्या मांडीवर ठेवलात. त्यांनी डाव्या हातानं कॉलर उलटी केली. बघितली. आणि शर्ट ढकलून दिला, खाली पाडला. बरोबर आहे ना? मग परत ठेवलात. परत पाडला. आणि सेक्रेटरी काय म्हणाला? "भावूक झालेत." भावूक! ज्या माणसाचं आयुष्यात एकदा वाकडं बोललेलं कुणी ऐकलं नाही तो माणूस दोनदा शर्ट जमिनीवर टाकतोय नि तुम्हाला कळत नाही तो काय म्हणतोय? सरळ म्हणतोय, माझा नाही. अंपायरनं दिलं नाही तरी स्वतः निघून गेला तो माणूस, आणि आज त्याला बोलता येत नाही एवढ्याचा फायदा घेऊन त्याच्याच हातानं खोट्यावरचा पडदा ओढायला लावताय. सगळ्या गावासमोर. लाज नाही वाटत? — तुला माहीत नव्हतं. हो, तुम्हाला काहीच माहीत नसतं. सेक्रेटरीला विचार. फ्लॅट विकतो ना तो? नमुन्याचा फ्लॅट दाखवतो, प्लॅस्टिकची फळं ठेवून. इथंही तेच केलंय. प्लॅस्टिकचं रक्त.

कॉलर का उलटी केली म्हणतोस? हां. हे विचारलंस बरं केलंस, पहिला शहाणा प्रश्न आज. इकडे ये. हा कुणाचातरी शर्ट आहे, कॉलरच्या आत बघ. काळी फुली दिसतेय? ती खूण. बिब्ब्याची. सुई बिब्ब्यात टोचायची नि कापडावर ठिपके द्यायचे, वर ओला चुना दाबायचा. सोड्यात उकळ, दगडावर आपट, कापड फाटेल पण ती खूण जायची नाही. प्रत्येक घराची खूण वेगळी, नाहीतर शंभर पांढऱ्या शर्टांत कुणाचा कुठला कसा कळणार? आता बाकीचे परीट चिठ्ठ्या टाचतात, पेनानं लिहितात. मी अजून बिब्बाच वापरते. हे बघ बोट — उतला होता बिब्बा, लहानपणी, तो डाग आहे अजून. हिंमतरावांची खूण तीन ठिपके नि खाली आडवी रेघ, माझ्या वडलांनी लावून दिलेली. दशरथ परीट. त्यांच्या हातची खूण हिंमतराव बघत होते त्या कॉलरमधे. होती का? नव्हती. असेलच कशी, तो शर्ट लक्ष्मी रोडवरनं आणलाय.

खरा कुठाय? — खरा हरवला. तेव्हाच हरवला. तुमच्या क्लबच्या जुन्या कागदांत असेल, शोध की. परीट दशरथ यानं शर्ट हरवला, बहुतेक विकला, सबब त्याच्याकडे मेंबरांनी कपडे देऊ नयेत — फळ्यावर नोटीस लावली होती, महिनाभर. बावीस वर्षं धुतले कपडे त्या माणसानं. एक रुमाल इकडचा तिकडं झाला नव्हता. तो नोटीस वाचायला रोज जायचा. वाचता येत नव्हतं त्याला, नुसता बघत उभा राहायचा, आणि शिपाई संभाजी म्हणायचा, दशरथदादा, घरी जा. त्या वेळचा सेक्रेटरी म्हणजे या आत्ताच्याचा चुलता, तो म्हणाला, या लोकांना अशा गोष्टींची किंमत कळत नाही. नाही कळली! घासून घासून बोटं सोलली, तीन वेळा मीठ लावलं, थंड पाणी बदलून बदलून, दुपारपर्यंत असा पांढरा निघाला की —

काय? काय बघतोस?

हो. म्हणाले मी. कान आहेत तुला, ऐकलंस. आता ते कॅमेऱ्याचं यंत्र चालू आहे का बंद आहे? असू दे. चालू असलं तर असू दे.

सोमवारी सकाळी गाठोडं आलं. वडील नदीवर गेले होते, मी एकटी घरात. दहाच्या सुमाराला संभाजी सायकलवरून आला, उतरलासुद्धा नाही, दारातूनच ओरडला — तो रक्ताचा शर्ट धुवू नका, तसाच राहू दे! नि गेला. आता तू सांग, याचा अर्थ काय घ्यायचा? परिटाच्या घरी येऊन धुवू नका म्हणायचं, याचा अर्थ काय? आमच्याकडे एकच अर्थ. तुमच्यानं निघणार नाही. लोक असंच म्हणायचे — हा डाग तुमच्यानं निघायचा नाही, राहू दे, उगाच कापड खराब कराल. मला असा संताप आला! म्हटलं, हिंमतरावांचा शर्ट, नि आमच्या घरातून डागासकट परत जाणार? रक्त अंगावर घेऊन दीड तास उभा राहिला तो माणूस, नि आम्हाला एवढं धुता येऊ नये? रक्ताला गरम पाणी लावलं की पक्कं बसतं, मग ते मरेपर्यंत निघत नाही. गार पाणी, मीठ, साबण, परत गार पाणी. मग नीळ, मग कांजी. उन्हात धरला तर दिसत नव्हतं कुठं होतं ते. अजून सांगते, तसं धुणं मी परत कधी धुतलं नाही. मी वाट बघत बसले, कधी संध्याकाळ होते नि कधी संभाजीच्या तोंडावर तो मारते.

तो आला. म्हणाला, दे गं तो शर्ट, साहेबांनी काच आणून ठेवलीय, रक्तासकट लावायचाय, लोकांनी बघावं म्हणून.

काच. — मला काय माहीत? मला कोण सांगणार, मळका कपडा भिंतीवर लावतात असं? आमच्या सात पिढ्यांत कुणी ऐकलं नव्हतं. तुझ्या घरी लावतात का रे? नाही ना? मग हसू नकोस. नाही हसलास? मग ठीक आहे.

म्हटलं, नाहीये. इथंच ठेवला होता, कुणीतरी नेला. असंच आलं तोंडातून. धुतला म्हणाले असते तर काय झालं असतं? चार शिव्या बसल्या असत्या. अडाणी पोरगी म्हणाले असते. तेवढंच नको होतं मला. मग वडील आले, सगळं घर उलटं केलं, शेजारच्या तांबटांच्या घरात जाऊन शोधलं, नदीवर जाऊन शोधलं, आणि मी त्यांच्याबरोबर शोधत होते. कळतंय का? घरातल्या पत्र्याच्या पेटीच्या तळाला माझ्या परकराखाली शर्ट, आणि मी बापाबरोबर नदीवर जाऊन झुडपांत शोधतेय. — वाटलं उद्या सांगू. मग नोटीस लागली. मग वाटलं आता सांगितलं तर आणखी वाईट, आता तर विकला म्हणतायत. मग वडील गेले. सात वर्षांनी. शेवटपर्यंत म्हणत होते, चंपे, त्या दिवशी मी नदीवर गेलो नसतो तर. चूक त्यांची झाली असं समजून गेले.

नवऱ्याला माहीत नाही हे. रिक्षा चालवतो, त्याला विचारशील तर सांगेल, बायको इस्त्रीवाली आहे, तोंडाची फटकळ आहे, पण कुणाच्या सुईची चोरी करायची नाही. तुला कशाला सांगत बसले कोण जाणे. तू कोण माझा?

आणि हिंमतराव! नोटीस लागली त्याच शनिवारी सायकल काढून इथं आले. मागे कपड्यांचं गाठोडं. सगळा क्लब म्हणतोय देऊ नका, आणि हे क्लबचे सगळ्यात मोठे बॅट्समन, भर दुपारी, पेठेतल्या लोकांना दिसेल असे. म्हणाले, "दशरथ, मंगळवारपर्यंत होतील ना?" एवढंच. त्यानंतर अठ्ठावीस वर्षं, एक शनिवार चुकला नाही. सायकल गेली, स्कूटर आली, स्कूटर गेली, रिक्षानं आले. घरी वॉशिंग मशीन आलं तरी इस्त्रीला इथंच. वडील गेल्यावर तेराव्याला आले. सगळे उठून गेल्यावर थांबले दारात. चप्पल घालता घालता म्हणाले, "चंपा, रक्त निघालं होतं का गं?" — माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. मी म्हटलं, "निघालं." तर म्हणाले, "मला वाटलंच. तू धुतलंस म्हणजे निघणारच." आणि गेले. पुढच्या शनिवारी परत गाठोडं. कधी मागितला नाही. कधी कुणाला सांगितलं नाही. इस्त्रीचा कपडा घेताना माझ्याकडे कधी वेगळं बघितलं नाही. मीच बघत राहिले, एकवीस वर्षं, आज बोलतील, उद्या बोलतील. शिव्या दिल्या असत्या तर सुटले असते. तुझ्या पेटीत बघ बरं, हा डाव कितव्या पानावर आहे. किती रन लिहिलेत?

सरक. ती पत्र्याची पेटी ओढायचीय मला, टेबलाखालची. तुझा पाय काढ.

हा. घे, बघ. हात पूस आधी! — कॉलर उलट. एक, दोन, तीन, नि खाली रेघ. माझ्या बापाचा हात आहे तो. आणि डावी बाही बघ, खांदा बघ. उन्हात ने. दिसतंय काही? नाही ना? दरवर्षी दिवाळीच्या आधी काढते, धुते, इस्त्री मारते, परत ठेवते. पिवळा पडू दिलेला नाही.

काय म्हणालास? — "पण याच्यावर तर काहीच नाही, लोक बघणार काय?"

अरे, तू खरोखरच शिकलेला आहेस. एवढं सगळं ऐकून घेतलंस, आणि काय बघणार म्हणतोस. तुला रक्तच पाहिजे. रक्त असलं की शूर, शतक असलं की ग्रेट, काचेत असलं की खरं. दे इकडे. दे म्हणते ना, तुझ्या हाती पाठवणार नाही तो, सेक्रेटरी याच्यावर चहा ओतायला कमी करणार नाही. — नको, पावती नको. फोटोही नको. आणि ते तुझं यंत्र चालू असेल तर एवढं नीट ऐकू येऊ दे त्यात: शर्ट दशरथनं हरवला नाही. शर्ट चंपानं धुतला, चंपानं लपवला. दशरथ नदीवर होता. आलं का सगळं? संध्याकाळी पडद्यावर लावायचं तर हे लाव. तुझ्यात तेवढा दम नाही, माहितीये मला. नोकरी आहे, सेक्रेटरीकडनं फ्लॅट घ्यायचाय. घे बापडा.

किती वाजले? साडेचार. — एक घडी परत घालते, तुझ्या हातानं चुरगळला. ती इस्त्री उतरव खाली, दांड्याला धर, दांड्याला! कोळसे तसेच राहू देत, विझतील आपले आपण. बाकीच्यांचे कपडे उद्या. गिऱ्हाइकं बोलतील काय बोलायचं ते. अठ्ठावीस वर्षांत एकदा दुकान लवकर बंद केलं तर कुणी मरत नाही.

आधी त्यांच्या घरी जाणार. त्यांच्या मांडीवर ठेवणार, कॉलर वर करून. ते काय करतात ते बघेन. ढकलला तर ढकलला. नाही ढकलला तर खुर्ची मी ढकलत आणेन सहाला, क्लबात, समोरच्या दारातून. त्या दारातून परिटाला येऊ देत नव्हते, मागून यायचो आम्ही. नंतर पोलिसात द्या, नोटीस लावा, काय करायचं ते करा. नोटीस लावलीत तर नाव नीट लिहा या वेळेला.

ऊठ आता. फळ्या लावायच्यात. — कसलं आमंत्रण? नाही, कुणी बोलावलेलं नाही मला. कुणी बोलवावं लागतं का त्याला?

हो बाजूला.